कण्हलं की भाव चढतो!

परवा दुपारी वडवणीत आई जेवता जेवता ताटावरून उठली आणि पोट धरून खाली बसली... इथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, साधं दुखणं वाटत नाही, बीडला सर्जनला दाखवा.

आरोग्यसेवेवर मी इथे किती तावातावाने लिहितो, ते तुम्हाला माहीत आहेच. दवाखान्यांनी दरपत्रक बाहेर लावावं, पेशंटने चार ठिकाणी विचारून निवड करावी, स्पर्धा झाली की दर आपोआप खाली येतात, सरकारने मधे पडूच नये... म्हटलं, आज करूनच दाखवू.

सोबत धाकटे काका होते. त्यांचा जन्म गेला बैलबाजारात. गाडीत बसतानाच त्यांनी आईला बजावलं, "वहिनी, तिथं कण्हायचं न्हाई बरं का. आपली नड दिसली की भाव चढलाच समजा."

आई कसंनुसं हसली. मलाही ते पटलं, खोटं कशाला सांगू...

पहिल्या दवाखान्यात काउंटरवर विचारलं, ऑपरेशन लागलंच तर किती? दर ऐकला, "बघतो" म्हणून निघालो. दुसरीकडे तो बराच कमी निघाला, तेव्हा "अजून एक बघू" म्हणत काकांनी मला डोळा मारला. मी तर मनातल्या मनात पोस्ट लिहायलाही घेतली होती.

आई मागच्या सीटवर गप्प होती. फारच गप्प.

तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "दुखतंय का मावशी?"

"न्हाई... लई न्हाई."

त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. मग म्हणाले, तातडीचं दिसत नाही, गोळ्या देतो, सकाळी सोनोग्राफी करू.

आम्ही निघालो. जिन्यात आई थांबली आणि तिने माझा दंड असा धरला की नखं रुतली. तोंडात पदराचा बोळा कोंबलेला, चेहरा घामाने थबथबलेला...

"चल की रं, का थांबलास?" काका खालून ओरडले.

मी आईला तिथेच पायरीवर बसवलं आणि वर पळालो. "डॉक्टर, ती खोटं बोलतेय! आम्हीच सांगितलंय तिला, कण्हू नको म्हणून!" त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. आणि ते धावत जिन्याकडे गेले.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. लगेच ऑपरेशनला घेतलं. दर किती, हे ना मी विचारलं, ना काकांनी. ते बाहेरच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसून होते.

दरपत्रक बाहेर लावावं, हे माझं मत आजही तेच आहे. पण बैलाचा भाव पटला नाही तर माणूस दावं खांद्यावर टाकून घरी येतो... आई कुठे जाणार होती? माझ्या एकाही पोस्टमध्ये याचं उत्तर नाही. त्या डॉक्टरांचे उपकार आहेत, एवढं मात्र कळतं.

शुद्धीवर आल्यावर तिने नजरेने आधी काकांना शोधलं. ओठ कोरडे पडले होते.

"भाऊजी... आता कण्हू का?"

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मीच म्हटलं, "कण्ह आई... जोरात कण्ह."