खुर्चीमागचा स्पर्धक

पक्के हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव आता त्यांच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागतं. झालं असं की टीव्हीवर तो प्रश्नोत्तरांचा खेळ सुरू झाला, पाठोपाठ तोच खेळ मोबाइलवर आला, आणि तिथून थेट गल्लीतल्या या केशकर्तनकाराच्या अंगात आला. खेळातला सूत्रधार प्रत्येक वेळी आवाज खाली नेऊन विचारतो, "उत्तर पक्कं?" पंधरा दिवसांत तो सूर दुकानात ऐकू यायला लागला.

"कल्ले कानापर्यंत. पक्कं?"

"पक्कं."

"एकदा कापले की परत नाहीत हं. विचार करा. का बाकाचं मत घेऊ?"

बाक म्हणजे नंबर लावून बसलेली गिऱ्हाइकं. तीही हौशी. परक्याच्या डोक्याचा प्रश्न असला की मत द्यायला माणूस नेहमीच मोकळा असतो. एका नवख्या कारकुनाला तिथे तीन विरुद्ध एक मतांनी मिशी उतरवावी लागली. विरोधातलं एक मत त्याचं स्वतःचं होतं.

रोज सकाळी अकराच्या ठोक्याला फोनवर बारा प्रश्नांची थेट फेरी असायची. बाराही बरोबर आले, तर टीव्हीच्या स्टुडिओतल्या त्या उंच खुर्चीत बसायचं बोलावणं. पक्क्यांचा जीव त्या खुर्चीत अडकला होता.

"बत्तीस वर्षं खुर्चीच्या मागे उभा आहे," ते म्हणायचे. "पोटऱ्यांच्या दोऱ्या झाल्या. एकदा मला बसायचंय, आणि बाकीच्यांनी उभं राहून माझ्याकडे बघायचंय. बस्स."

पण गाडी सातव्या प्रश्नाच्या पुढे कधी गेली नव्हती. आणि पहिल्यांदा गाठलेल्या आठव्या प्रश्नापायीच हेडसरांची मिशी गेली.

हेडसर म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. भूगोल शिकवायचे. सहावीत पक्क्यांना त्यांनीच नापास केलं होतं, आणि तरी वीस वर्षं दर रविवारी हेडसर पक्क्यांचीच खुर्ची गरम करत होते. मिशी जाड, पांढरीशुभ्र, दोन्ही टोकांना सारखी. त्या रविवारी आठव्या प्रश्नाचं उत्तर दाबायला पक्क्यांनी एक हात पुढे, आरशापाशी ठेवलेल्या फोनकडे नेला आणि दुसरा हात ओठावर चालूच राहिला. उत्तर बरोबर आलं. मिशीची उजवी बाजू मात्र खाली, फडक्यावर आली.

सर काही बोलले नाहीत. शाळेत ते काही बोलायचे नाहीत तेव्हाच मुलांची पाचावर धारण बसायची. उठले, फडकं घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि चालते झाले, ते चौकातल्या नव्या, गारेगार दुकानात. चार महिने इकडे फिरकले नाहीत.

राहत्या घराचा दरवाजा दुकानातच, मध्ये फक्त पडदा. त्या पडद्यातून बायकोचं मुंडकं बाहेर आलं.

"अहो, आजपासून आरशापुढे फोन दिसला ना, तर तो धुण्याच्या बादलीत जाईल. सांगून ठेवते."

"आरशापुढे नाही ठेवायचा?"

"नाही."

"पक्कं?"

"बादली आणू का?"

पक्क्यांनी शब्द पाळला. आरशापुढचा फोन उचलला आणि खुर्चीमागच्या भिंतीवर, टॉवेलच्या खिळ्याशेजारी चिकटवला. बायको म्हणाली होती पुढे नको. मागचं कुणी काढलं होतं?

दुकान इतकं अरुंद की हात मागे नेला की बोट फोनवर पडायचं. फोनच्या पडद्यावरची अक्षरं आरशात उलटी दिसायची, पण त्याचं पक्क्यांना काय? रस्त्यापलीकडच्या चष्मेवाल्याची पाटी ते बत्तीस वर्षं आरशातच वाचत आले होते. त्यांच्या वडिलांनी धंद्यात घालताना पहिला धडा दिला होता, "गिऱ्हाईक असतं आरशात. खुर्चीत असतं ते नुसतं धड. बोलायचं ते आरशाशी." त्यामुळे पक्के जग आरशातच बघायचे. आरशात उत्तर उजवीकडे दिसलं, की उजवा हात मागे. नेम बरोबर. एकदाच खात्री करायला म्हणून मागे वळले, तर डावं-उजवं सगळं फिरलं आणि बोट भलत्याच उत्तरावर. त्या दिवसापासून नियम झाला: काही झालं तरी वळायचं नाही.

आणि एका रविवारी, अकराला पाच कमी असताना, हेडसर दारात उभे.

बाकावर एकटा बस ड्रायव्हर होता. तोही सरांचाच विद्यार्थी, सवयीने उठून उभा राहिला.

"बस," सर म्हणाले. मग पक्क्यांकडे न बघता खुर्चीत बसले. "मिशी सारखी करायची. दोन्ही बाजूंनी. तुला दोन बाजू माहीत आहेत ना?"

"सर, या ना… म्हणजे आलातच. चौकात काय झालं?"

"तिथे यंत्र लावतात. सात मिनिटांत बाहेर. कुणी काही विचारत नाही, कुणी काही सांगत नाही. मी काय गवत आहे?"

पक्क्यांनी फडकं बांधलं आणि अकरा वाजले. फोन मागून गरजला, "स्पर्धकहो, तयार?"

आरशात सरांच्या भुवया वर गेल्या. "ते अजून आहे?"

"मागे आहे, सर. तुमच्या मिशीपासून चार फुटांवर."

"हात मिशीवरून हलला, तर मी उठलो. कायमचा."

"हलणार नाही, सर."

"पक्कं?" बाकावरून अर्धा उठत ड्रायव्हर म्हणाला आणि सरांच्या नजरेने पुन्हा खाली बसला.

पहिले प्रश्न पक्क्यांनी एकदा कंगवा बदलताना, एकदा कात्री पुसताना मागच्या मागे उरकले. पाचवा आला तेव्हा सर स्वतःशीच पुटपुटले, "नाईल." सहाव्याला जरा मोठ्याने म्हणाले, "विषुववृत्त. अरे, विषुववृत्त!" नवव्याला त्यांनी फडक्याखालून हात बाहेर काढून बोट दाखवलं. दहावा बरोबर. अकरावा बरोबर. पडद्याआड भांड्यांचा आवाज थांबला होता.

बारावा प्रश्न आला तेव्हा पक्क्यांच्या उजव्या हातात वस्तरा होता, आणि डाव्या हाताच्या चिमटीत सरांचं नाक. मिशीची डावी बाजू झाली होती. उजवी, तीच ती, व्हायची होती. ज्यांच्यापुढे सगळं गाव नाक मुठीत धरून वागलं, त्यांचंच नाक आज शिष्याच्या चिमटीत होतं.

"शेवटचा प्रश्न," फोन म्हणाला. "या चार बेटांच्या आकृतींपैकी मादागास्कर कोणतं? वेळ दहा सेकंद."

चार आकृत्या. नाव एकालाही नाही. पक्क्यांना चारही सारख्याच, वाळलेल्या साबणाच्या वड्यांसारख्या दिसल्या.

"उजवीकडचं, खालचं," सर चिमटीतल्या नाकातून बोलले. "उलटं दिसतंय, तरी ओळखू येतं. मी ते फळ्यावर डोळे मिटून काढायचो."

"सर, बोलू नका, वस्तरा आहे!"

"मग दाब ना लवकर!"

"हात हलवायचा नाहीये!"

"सात सेकंद," फोन म्हणाला.

पक्क्यांनी एकवार वस्तऱ्याकडे बघितलं, एकवार आरशात, फोनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या त्या उंच खुर्चीच्या चित्राकडे. आणि हात होता तिथेच ठेवला.

"अरे ड्रायव्हर, ऊठ! दाब! उजवीकडचं खालचं!" पक्के ओरडले.

ड्रायव्हरने एका उडीत फोन गाठला. छाती फोनकडे, पाठ आरशाकडे. आयुष्यभर रस्त्यावर डावं-उजवं सांभाळलेला माणूस, उजवीकडचं खालचं म्हटल्यावर उजवीकडचं खालचंच दाबणार. दाबलं.

टँऽऽव असा भेसूर आवाज झाला.

"क्षमस्व," फोन म्हणाला. "हे तैवान. मादागास्कर डावीकडे, खाली."

मग पक्क्यांच्या लक्षात आलं, सरांच्याही आलं, आणि दोघांनी आरशातून एकमेकांकडे बघितलं.

"मी आरशातलं सांगितलं," सर हळूच म्हणाले.

"मीपण," पक्के म्हणाले.

"मला कुणी सांगितलं का आरशातलं म्हणून?" ड्रायव्हर कळवळला. "मी उजवं म्हणजे उजवंच दाबलं ना!"

पडद्यातून बायकोचं मुंडकं आलं. आधी तिने मिशी बघितली. मग नवऱ्याकडे बघितलं. बादलीचं काही काढलं नाही. "चहा टाकते," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पक्क्यांनी वस्तरा ओठावरून खाली नेला. एक, दोन, तीन. नाक सोडलं. मिशी दोन्ही बाजूंनी सारखी होती, सुतात धरल्यासारखी. सरांनी मान इकडून तिकडे फिरवून ती तपासली, उत्तरपत्रिका तपासावी तशी, आणि पैसे ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, अकराला सर पुन्हा दारात.

"सर? कालच तर केली. आज कापायला काही नाही."

"कापायला कोण आलंय? तू बस."

"कुठे?"

"दुकानात खुर्च्या किती आहेत?"

पक्के आपल्याच खुर्चीत बसले, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. सरांनी फडकं झटकलं, त्यांच्या गळ्याभोवती बांधलं आणि मागे जाऊन, हात पाठीशी बांधून उभे राहिले.

"पहिला प्रश्न. मादागास्कर कोणत्या महासागरात आहे?"

पक्क्यांनी आरशातल्या सरांकडे बघितलं. सहावीतला घाम तसाच्या तसा फुटला.

"बाकाचं मत घेऊ का, सर?"

"बाकाचं काल बघितलं," सर म्हणाले.

बाकावर ड्रायव्हर दाढीसाठी थांबला होता. त्याने मान खाली घातली. चष्मेवाला काय गोंधळ आहे ते बघायला दारात येऊन उभा राहिला. बायको पडद्याबाहेर आली आणि तीही उभीच राहिली.

पक्क्यांनी खुर्चीत अंग सैल सोडलं आणि पाय लांब केले.

"हिंदी महासागर," ते म्हणाले. आणि कुणी विचारायच्या आत, "पक्कं."