जांभळाची झाडं पाणी पितात का?

आमच्या शेजारच्या मॅडमशी काहीही बोलायला गेलं की समोरून एकच प्रश्न यायचा. "मोजलं का?"

"मॅडम, आज फार ऊन आहे." "मोजलं का?" "सून काही जेवतच नाही हो." "मोजलं का?" पलीकडच्या काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "मॅडम, माझं डोकं दुखून राहिलं सकाळपासून. आता ते काय मोजू?" त्यावर मॅडम खळखळून हसल्या, घरात गेल्या आणि काकूंसाठी आल्याचा चहा करून घेऊन आल्या. बाई तिरसट होती, पण कोरडी नव्हती.

अशी माणसं तुमच्याही शेजारी राहून गेली असतील. आपण त्यांना विक्षिप्त म्हणतो आणि मोकळे होतो. मी मोकळा होऊ शकलेलो नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी शाळेत मराठी शिकवतो. नागपुरातल्या आमच्या ले-आऊटमध्ये त्यांचं घर माझ्या घराला लागून होतं, मधे फक्त कंपाउंडची भिंत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलांत काढली होती. तिथली झाडं पाणी कसं वापरतात, याचा अभ्यास करत. आईच्या म्हातारपणामुळे त्या नागपूरला परत आल्या. आई गेल्यावरही इथेच राहिल्या. सुट्टीच्या दिवशी उमरेडची बस धरायच्या, वाटेत कुठेतरी जंगलाशी उतरायच्या आणि संध्याकाळी पिशवीभर पानं घेऊन यायच्या.

"तुम्ही नेमकं काय मोजता?" असं मी एकदा भिंतीवरून विचारलं.

"सर, पानाले तोंडं असतात. बारीक, आपल्याले दिसत नाहीत. हवा आत घ्यायची तर ती उघडावी लागतात. अन् उघडली की आतलं पाणी उडून जाते. झाडाचा सगळा संसार या अडचणीवर चालते. किती पाणी गमावलं अन् त्याच्यात किती कमावलं, एवढंच मी जन्मभर पाहिलं."

"म्हणजे सदाहरित झाड काटकसरी?"

"कोरड्या दिवसांत पुष्कळदा. सगळी नाहीत, सगळीकडे नाहीत. घाई नका करू."

मी नुसताच हो म्हणालो. हे सगळं पुढे आमच्याच अंगणात येऊन उभं राहणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

आमच्या ले-आऊटच्या मोकळ्या जागेत जांभळाच्या जुन्या झाडांची रांग होती. तिच्या शेजारी सगळ्यांची मिळून एक बोअरवेल. एका मे महिन्यात बोअरवेल आटली. टँकर यायला लागले, बादल्यांवरून भांडणं व्हायला लागली. तेव्हा आमच्या रहिवासी समितीच्या अध्यक्षांनी शोध लावला, की पाणी जांभळं पितात. बाकीची झाडं उन्हाळ्यात पानं गाळून गप्प बसतात, ही मात्र बाराही महिने हिरवी, म्हणजे बाराही महिने पिणार. झाडं काढावीत, त्या जागी सभागृह बांधावं, पुढे सिमेंटचे ठोकळे बसवून गाड्या लावायची सोय करावी. अध्यक्षांच्या मनात सभागृह आधीचं होतं आणि पाणी नंतरचं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"मोजलं का?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हीच मोजा नं मॅडम. तुमचं तर शिक्षणच त्यातलं," अध्यक्ष गोड हसून म्हणाले.

त्यांनी मोजलं. नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसायचं, तेव्हा ही बाई डोक्याला ओढणी गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा ठेवून, शिडीवर चढून पानांना चिमट्यासारखं यंत्र लावत बसायची. मी ताक घेऊन जायचो. "चूप राहा," म्हणायच्या आणि ग्लास घ्यायच्या.

सभेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, "पाणी पितात, सर. जमिनीतलं खोलचं पितात. बोअरवेलचाही थोडा वाटा त्यांच्याकडे जाते."

माझं धाबं दणाणलं. "मग सभेत सांगून टाका, की पीत नाहीत. तिथे कोण तपासणार आहे?"

त्या इतक्या चिडल्या, की मी भिंतीपासून मागे सरकलो. "काहून? झाडासाठी खोटं बोलू? उद्या दुसऱ्या कोणी मोजलं तर हे झाड कोणाच्या भरवशावर उभं राहील?"

सभा अध्यक्षांच्या ओसरीवर झाली. त्यांनी वकिलासारखं विचारलं, "मॅडम, हो की नाही एवढंच सांगा. जांभळाची झाडं पाणी पितात का?"

"पितात."

ओसरीवर हशा पिकला. त्या हशातून आवाज चढवत त्या बोलत राहिल्या. "ऐका तर! ऊन चढलं की हे झाड तोंडं मिटून घेते. पाणी धरून ठेवते. सकाळच्या थंड वेळात काम उरकते, अन् तेवढ्या पाण्यात लाकूड करते, पान करते, तुमच्या लेकरांले जांभूळ देते. तुमच्या घरी दोन-दोन कूलर आहेत. तेही पाणीच उडवतात. ऊन वाढलं की ते तोंड मिटतात का? तेव्हाच जास्त पितात! अन् त्याच्यातून बनवतात काय? आवाज!"

खिडकीतला अध्यक्षांचा कूलर त्या वेळीही घरघरत होता. अध्यक्ष सचिवाकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या गा. झाडं पाणी पितात, हे मॅडमनी स्वतः मान्य केलं."

पुढचं एक अक्षर कोणी लिहून घेतलं नाही. समोर पदवीधर बसले होते, निवृत्त अधिकारी बसले होते. त्यांना कळलं नाही असं नाही. त्यांना पार्किंग हवं होतं. मी उठून बोललो, तर शेजारचे म्हणाले, "सर, जाऊ द्या नं, झाडंच आहेत."

परवानगी कशी मिळाली, कोणी मिळवली, मला ठाऊक नाही. एका सकाळी करवतीचा आवाज सुरू झाला. मॅडम फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. पहिलं झाड पडलं, तेव्हा त्या तडक अध्यक्षांच्या ओसरीवर गेल्या आणि कूलरच्या टाकीचं बूच उपटून फेकलं. पाणी ओसरीवरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर वाहत आलं.

"पाहा! किती पिऊन राहिला हा, पाहा!"

"मॅडम, वेड लागलं का तुमाले?" अध्यक्षांच्या बायकोनं ओरडून विचारलं.

कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. दुपारपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाइलवर होता, खाली हसणारी तोंडं. आयुष्यभर मोजल्याशिवाय एक शब्द न बोललेल्या बाईची ती किंमत.

पुढच्या उन्हाळ्यात बोअरवेल आधीपेक्षा लवकर आटली. आता पिणारं झाड एकही नव्हतं. समितीनं दुसरी, आणखी खोल बोअरवेल खणली. आपलं चुकलं, असं एका माणसानंही म्हटलं नाही. मॅडमनीही कोणाला 'मोजलं का?' असं विचारलं नाही. त्या बोलायच्याच बंद झाल्या. माझ्याशी भिंतीवरून दोन शब्द, तेही बाजारभावाचे. उमरेडच्या फेऱ्याही थांबल्या. मग एका हिवाळ्यात, साध्या तापाचं निमित्त होऊन, त्या गेल्या.

शोकसभा नव्या सभागृहात व्हायला मार्च संपत आला, कारण त्याआधी तिथे लग्नं होती. अध्यक्षांनी फोटोला हार घातला. म्हणाले, "मॅडम थोर वृक्षप्रेमी होत्या. झाडांवर त्यांची भाबडी माया होती."

भाबडी! मी उभा राहिलो. वर्गात पोरांवरही इतका कधी ओरडलो नव्हतो. "भाबडी माया नव्हती. त्यांनी तुम्हाला खरं सांगितलं होतं. तुम्ही त्यातला एक शब्द घेतला आणि त्याच्यावर ही इमारत बांधली. आज तिच्यातच बसून त्यांना हार घालता? लाज वाटू द्या!"

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, बसा. चहा आला."

मी बाहेर आलो. दुपारच्या उन्हानं सिमेंटचे ठोकळे तापले होते. त्यांच्यावर काढून ठेवलेल्या चपलांत पाय घालवत नव्हता. माझ्या मागोमाग अध्यक्षांची बायको बाहेर आली. मला वाटलं, भांडायला आली. तिनं डोक्यावर पदर ओढला, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"सर," ती हळूच म्हणाली, "इथं उभं तरी कुठं राहावं माणसानं?"