माथ्यापलीकडचं वळण

रॅलीत गाडी एक जण चालवतो आणि फोटो त्याचेच छापून येतात. शेजारी बसून पुढचं वळण किती अवघड ते मोठ्याने वाचून सांगणाऱ्याला को-ड्रायव्हर म्हणतात, आणि अपघात झाला की खापर फोडायला त्याचं डोकं हाताशीच असतं. आमच्या या गृहस्थाने अर्धं आयुष्य हे काम केलं. त्यातली शेवटची वर्षं सख्ख्या मेहुण्याच्या शेजारी बसून, ही मात्र त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेली पीडा.

मेहुणा मोठा गोड माणूस. घरी बहिणीसमोर "अहो भाऊजी, तुम्ही बसा ना," आणि हेल्मेट चढलं की "ए, वाच नीट." मागच्या मोसमात त्याने गाडी नाल्यात घातली आणि आईला येऊन सांगितलं, भाऊजींनी वळण चुकीचं वाचलं. तेव्हापासून सासूबाई जावयापुढे चहाचा कप ठेवायच्या तो आपटूनच. टीमच्या मॅनेजरनेही बजावलं होतं, पुन्हा वाचनात चूक झाली तर सीट दुसऱ्याला. बायको बिचारी नवरा आणि भाऊ यांच्या कात्रीत सापडलेली. ती कुणाच्याच बाजूने ब्र काढत नसे, आणि याला त्याचाही राग यायचा.

शर्यतीआधी सगळा रस्ता गाडी हळू चालवत पाहून घेतात. ड्रायव्हर बोलतो, शेजारचा लिहितो. उजवे पाच म्हणजे सोपं वळण, डावे दोन म्हणजे भलतंच कठीण, आणि फुल म्हणजे ब्रेक न लावता पूर्ण वेगात. पदरचं एक अक्षर घालायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम, कारण शर्यतीत ड्रायव्हर कानांच्या भरवशावर गाडी सोडतो.

एका चढावर मेहुणा म्हणाला, "माथा, सरळ, फुल."

"माथ्यापलीकडे रस्ता डावीकडे मोडतोय. डावे दोन हवं."

"गाडी कोण चालवतंय?"

"तू. पण मरणार दोघं."

"भीती वाटत असेल तर घरी बसा, भाऊजी." मग आवाज चढला. "मी बोलतो ते लिही."

त्याने लिहिलं. अंगाचा तिळपापड होत होता आणि त्यातच एक हलकट विचार मनात आला: शर्यतीत हेच वाचायचं. यंदापासून पाहणीतही गाडीत कॅमेरा असतो, दोघांचाही आवाज टिपला जातो. चूक कुणाची ते सासूबाईंना एकदाचं ऐकू येईल.

शर्यतीच्या दिवशी तो माथा समोर आला. "सरळ, फुल" ओठांवर आलंच होतं. ऐन वेळी बायको आठवली असं सांगायला बरं वाटलं असतं, पण खरी गोष्ट अशी की त्याला स्वतःचा जीव प्यारा होता, आणि त्या नालायकाचाही थोडासा. तो ओरडला, "माथा, जपून, डावे दोन." मेहुण्याने ताबडतोब ब्रेक दाबला. पलीकडे रस्ता डावीकडे मोडला होता आणि सरळ पुढे नुसती दरी होती. खडी उडवत गाडी कशीबशी वळली.

शेवटच्या टप्प्यावर हेल्मेट काढताच मेहुण्याने मॅनेजरसमोर तोंड सोडलं. "यांनी पुन्हा चुकीचं वाचलं. मी असं बोललोच नव्हतो. फुकट वेळ गेला."

मॅनेजरने वही पाहिली, शर्यतीचं रेकॉर्डिंग ऐकलं. "लिहिलंय एक आणि वाचलंय भलतंच. का?"

"लिहिलेलं वाचलं असतं तर हे विचारायला आम्ही सापडलो नसतो."

"असेल. पण शब्द बदलणाऱ्याच्या शेजारी मी ड्रायव्हर बसवू शकत नाही."

आमचा गृहस्थ मेहुण्याकडे वळला. "मी चुकीचं वाचलं ना? मग ब्रेक का दाबलास?"

मेहुणा हातमोजे उतरवण्यात फारच गुंग झाला होता.

सीट गेली. आता तो एका गॅरेजमध्ये चाकांची अलाइनमेंट करतो. मेहुणा घरी आला की हा मागच्या दाराने बाहेर पडतो. सासूबाईंचा कप अजून आपटतोच.

वर्षभराने नव्या को-ड्रायव्हरचा फोन आला. ते त्याच रस्त्याची पाहणी करत होते.

"तुम्ही या सीटवर होतात म्हणून विचारतो. चढावरच्या माथ्याला साहेब 'जपून, डावे दोन' म्हणाले. म्हणतात, हे वळण त्यांनीच ओळखलं, आधीच्या माणसाला ते दिसलंच नव्हतं. बरोबर आहे ना?"

हातातला पाना भिंतीवर फेकून मारावा असं त्याला फार वाटलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तो बोलतो ते लिही."