कापूस ओढणारं मशीन

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आई टॉवेल शिवते आणि रात्री तिथेच आम्ही झोपतो. कारखान्यातून टॉवेलचं लांबच लांब कापड येतं. ते कापायचं आणि दोन्ही टोकांना दुमड घालून शिवायची, हे तिचं काम. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मालवाहू तीनचाकी टेम्पो आहे, त्यामुळे गठ्ठे आणणं-नेणं त्यांच्या फेऱ्यांतच होऊन जातं. टॉवेल कापताना जी बारीक लव उडते, तिला आई नुसतं 'कापूस' म्हणते. पंख्याच्या पात्यांवर कापूस, कॅलेंडरच्या खिळ्यावर कापूस, माझ्या वह्यांच्या कडांना कापूस. लहानपणापासून बघत आल्यामुळे मला ती धूळ वाटलीच नव्हती. कॉलेजच्या पहिल्या वर्षी शेजारच्या मुलीने माझ्या केसांतून गुलाबी तंतू काढून हातावर ठेवला, तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांच्या घरी असं नसतं.

गेल्या हिवाळ्यात आईचा खोकला हटेना. डॉक्टरबाईंनी छाती तपासली, घरी काय काम करता ते विचारलं आणि म्हणाल्या की झोपायच्या खोलीत रात्री हा कापूस राहायला नको. कोरडा झाडूही मारायचा नाही, त्याने तो पुन्हा हवेत उडतो. औषध दिलं, परत दाखवायला बोलावलं, आणि फरक पडला नाही तर शिलाई घरातून बंद करावी लागेल असं स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर आई चपला काढता काढता म्हणाली, "शिलाई सोडून मी काय भिंती बगत बसू व्हय?"

तिचं माहेर मोडनिंबचं. लग्नाआधी तिथेच ती शिवायला शिकली. खूण न करता तिची शिलाई सरळ जाते, म्हणून हॉटेलांचे गठ्ठे कारखान्यातून तिच्याकडेच येतात. ती हे कुणाला सांगत नाही, पण गठ्ठा सोडताना तिचा चेहरा बघितला की कळतं.

आम्ही आधी ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. कापूस गोळा होण्याऐवजी त्याच्या वळकट्या झाल्या आणि ओलसर फरशीवर ठेवलेल्या पांढऱ्या टॉवेलांना डाग पडले. तो गठ्ठा परत आला. मग मी म्हणाले की हातात धरायचा व्हॅक्यूम क्लीनर मिळतो, तो घेऊ. अण्णा म्हणाले, "तूच बग. तू शिकलेली हायस." आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे गॅसच्या अर्जापासून औषधाच्या पाकिटापर्यंत सगळं माझ्या हातात येतं, आणि मी ते उलटसुलट करून बघत राहते.

फोनवर शोधायला लागले तर मशीनं एवढी निघाली की माझा गोंधळ उडाला. एक गाडीसाठीचं, एक बॅटरीवालं, एक वायरवालं. कुणी लिहिलेलं की कुत्र्याचे केस छान उचलतं, कुणाचं सोफ्याचं कौतुक. टॉवेलच्या कापसाबद्दल कुणी एक ओळ लिहिली नव्हती. आकडे तर मला अजिबात कळत नव्हते. ओढण्याची ताकद म्हणून जो आकडा देतात तो नेमका कशाचा, हे मी भौतिकशास्त्राच्या सरांना विचारायचं ठरवलं. पण दोन प्रॅक्टिकल होऊन गेली तरी धीर झाला नाही. तिसऱ्या वेळी सगळे गेल्यावर मी प्रयोगाच्या ओट्यापाशी रेंगाळले, तेव्हा सरांनीच काय अडलंय म्हणून विचारलं.

सर हसले नाहीत. ते म्हणाले की खरं तर मशीन काही ओढतच नाही. आतला पंखा आतली हवा मागे फेकतो, आत हवेचा दाब कमी होतो, आणि मग बाहेरचीच हवा आत घुसते. घुसताना वाटेतला कचरा ढकलत नेते. मला हे इतकं नवल वाटलं की घरी जाताना कॉलेजबाहेर शहाळं घेतलं आणि नळी तोंडात धरून नुसती उभी राहिले. म्हणजे इतकी वर्षं मी पाणी ओढत नव्हते, हवा मला ते पाजत होती. निघताना सरांनी उलट मलाच एक प्रश्न विचारला होता. "आत गेलेली हवा बाहेर कुठून पडते, ते बघ. तुझी आई श्वासातून तीच घेणार."

रविवारी मी सात रस्ता चौकातल्या एका विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. जाताना कॉलेजच्या बॅगेत आईच्या मशीनखालचा कापूस पिशवीत भरून नेला. विक्रेत्याने आधी त्याच्या पद्धतीने दाखवलं. गालिच्यावर थर्माकोलचे दाणे टाकले, मशीन फिरवलं, दाणे गायब. मी मान हलवली आणि पिशवी काढली. त्याने आत डोकावून बघितलं.

"ताई, लोक हितनं सामान घरी नेतात. घरचा कचरा हितं आणणाऱ्या तुमीच पयल्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी गेले नाही. हाच कापूस उचलायचा आहे, एवढंच म्हणाले. तो बरा माणूस होता. त्याने स्वतःच पिशवी गालिच्यावर पालथी केली.

गाडीसाठीच्या छोट्या मशीनने थोडा कापूस घेतला आणि तोंडाशीच बोळा अडकून ते रडल्यासारखा आवाज करायला लागलं. दुसऱ्याला पुढे फिरता ब्रश होता. माझी त्याच्यावर फार आशा होती, पण धागे ब्रशभोवती गुंडाळत गेले आणि तो थांबला. विक्रेता कात्री शोधायला गेला. तोवर मी गुडघ्यावर बसून ब्रश बघत होते. आईच्या बॉबिनवर दोरा भरावा तसा तो भरला होता. तिसरं वायरवालं होतं, ब्रश नसलेलं, रुंद तोंडाचं, पुढे पारदर्शक डबा. त्याने कापूस गुपचूप घेतला. डब्यात तो गोल गोल फिरताना दिसत होता, आणि मी खरेदी विसरून तेच बघत बसले.

मग सरांचा प्रश्न आठवला. मशीनच्या मागच्या बाजूला बारीक जाळी होती, तिथून गरम हवा येत होती. मी माझी काळी ओढणी त्या जाळीवर धरली. विक्रेत्याने विचारलं, आता हे काय. मी सांगितलं की कापूस मागून बाहेर येतो का ते बघतेय. तो ओढणीजवळ वाकला, फोनचा टॉर्च लावला. ओढणी काळीच होती. मग त्यालाही गंमत वाटायला लागली. त्याने पहिलं मशीन पुन्हा सुरू केलं आणि ओढणी तिथे धरायला लावली. तिच्यावर पिठासारखं पांढरं पसरलं. "च्यायला," तो हळूच म्हणाला, "हे आमी कदी बगितलंच न्हाय की."

दुकानात चालवून बघितलेलंच पारदर्शक डब्याचं मशीन घेऊन मी घरी पोचले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. आईचं काम संपत आलं होतं. आमच्या पुढच्या खोलीत बटणाचा एकच बोर्ड आहे आणि त्यातला एकमेव चालू प्लग शिलाई मशीनच्या मोटरला लागतो. शेवटचा टॉवेल संपवून आईने मोटरची पिन काढली, तिथे मी व्हॅक्यूमची पिन घातली. आईने देवापुढे निरांजन लावलं आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"आता न्हाई. दिवा लागलाय."

दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, लक्ष्मी निघून जाते, हे मी जन्मापासून ऐकत आले आहे. आमच्याकडे सांजेला झाडू कुणी हातात घेत नाही. पण मशीन निवडताना ताकद बघितली, जाळी बघितली, ब्रश बघितला. ते कधी चालवायचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शिलाई थांबल्याशिवाय प्लग मोकळा होत नाही आणि शिलाई थांबते तेव्हा दिवा लागलेला असतो. आणि डॉक्टरबाईंनी रात्रीचंच तर सांगितलं होतं.

मी वाद घातला नाही. आईला पटवायला माझ्याकडे फक्त विज्ञान होतं आणि ते तिथे कामाचं नव्हतं. मी पिन तशीच ठेवून खाली बसले. अण्णा दारात हात पुसत उभे होते. ते म्हणाले, लक्ष्मीला हा आवाज सोसतोय का ते तरी एकदा बगा. आईने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती मशीनजवळ येऊन बसली आणि डबा हातात घेऊन उजेडाकडे धरला. दुकानातला थोडा कापूस त्यात अजून होता.

"ह्यो हितला जातो कुटं?"

"कुठेच नाही. डब्यातच राहतो. आपण उघडून टाकेपर्यंत."

"म्हंजी घरातच ऱ्हातो."

"हो."

तिने झाकण काढलं, परत बसवलं, पुन्हा काढलं. तिच्या कपाळावर शिवताना येते तशी आठी होती. "मंग ह्ये केर काडणं न्हाय झालं," ती शेवटी म्हणाली. "घरातनं काय भाईर जाईना. सकाळी ऊन आल्यावर वतायचा." आणि मशीन माझ्याकडे न देता तिने स्वतःच बटण दाबलं. आवाजाने दचकली, मग हसली, मग पदर खोचून कोपऱ्यापासून सुरुवात केली. तिने एकसारख्या सरळ रेघांत खोली पूर्ण केली.

तेव्हापासून रोज हेच चालतं. सकाळी उन्हात ती डबा उघडते तेव्हा आतून कापसाची चकती निघते, भाकरीएवढी नाही पण पुरीएवढी नक्की. ती आम्ही तशीच्या तशी बघतो. एका दिवशी पांढरा थर आणि त्यावर मरून रंगाचा, कारण दुपारी गठ्ठा बदललेला. हे सगळं आधी छातीत जात होतं, हे आम्ही दोघीही बोलत नाही.

डॉक्टरबाईंकडे परत जायच्या दिवशी आईने एक चकती रुमालात बांधून घेतली. मी नको म्हणाले. मग मला दुकानात नेलेली पिशवी आठवली आणि मीच रुमालाची गाठ घट्ट करून दिली. दवाखान्यात तिने रुमाल टेबलावर सोडला. "ह्यो एका दिसाचा," तिने सांगितलं. डॉक्टरबाई चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या, मग त्यांनी छाती ऐकली, पुन्हा ऐकली. आवाज कमी आहे म्हणाल्या, पूर्ण गेलेला नाही. कापताना नाकाला फडकं बांधा, खिडकी उघडी ठेवा, अजून एकदा दाखवायला या. शिलाईचं काय, असं आईने विचारलं नाही. ते मी विचारलं.

"सध्या चालू द्या," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर आईने रुमाल झटकला, घडी घालून कमरेला खोचला आणि घराच्या रस्त्याला न लागता उलटीकडे चालायला लागली. कुठे म्हणून मी विचारलं. पांढरा दोरा संपत आलाय, ती म्हणाली, दुकान बंद व्हायच्या आत घ्यायचा.