रविवारच्या गाठी

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, मी मालवणच्या चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी विजयदुर्गाकडच्या एका खेड्यात शिक्षिका म्हणून रुजू झाले. पपांना जाऊन आठ महिने झाले होते. आईने जाऊ नको म्हणून हट्ट धरला, मी जाणारच म्हणून. निघताना ती दारापर्यंतसुद्धा आली नाही. मीही ठरवलं, बोलावणं आल्याशिवाय ईस्टरला घरी पाऊल टाकायचं नाही. एकोणीस वर्षांची होते, राग नाकावर असायचा.

त्या गावात चर्च नव्हतं, आमच्यातलं एकही घर नव्हतं. शाळेतल्या पंचांगात एकादश्या होत्या, संकष्ट्या होत्या, माझा सण नव्हता. पत्राने विचारायचं तर आईलाच विचारावं लागलं असतं, आणि ते तर शक्यच नव्हतं. आमच्या घरी पपा उपासकाळात सुंभाला गाठी मारायचे. चाळीस गाठी झाल्या की ईस्टर. मीही खोलीत क्रूसाखाली सुंभ टांगला, राखेच्या बुधवारची गाठ आधी मारली आणि मग रोज प्रार्थना झाली की एक गाठ मारत गेले.

टपालवाला शाळेवरूनच जायचा. मुलं पाढे म्हणत आणि माझं लक्ष खिडकीबाहेर. पत्र काही येईना.

चाळिसावी गाठ नेमकी रविवारी पडली, म्हणजे हिशेब चोख. घरमालकिणीकडून कोंबडी घेऊन सागोती केली, वडे तळले, नवी साडी नेसले. जेवणाआधीची प्रार्थना म्हटली, तर 'आमेन' म्हणायला दुसरं कुणी नव्हतं. दोन वडे खाल्ले, तिसरा ताटातच ठेवला. सणाच्या दिवशीही आईला माझी आठवण झाली नाही, म्हणून ढसाढसा रडले. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. उरलेली सागोती घरमालकिणीला देऊन टाकली.

बुधवारी पत्र आलं. आत माडाच्या पातीचा विणलेला छोटा क्रूस, आणि आई बोलते तशीच लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी. "रविवारी झावळ्यो मेळल्यो, तुझो क्रूस धाडतंय. शनवारी येतलंस मा? तू इल्याशिवाय कोंबो कापूचंय नाय."

चर्चमध्ये झावळ्या वाटतात तो झावळ्यांचा रविवार ईस्टरच्या आधीचा. म्हणजे सण अजून व्हायचाच होता. मुलांना मोजणी शिकवणारी बाई मी!

शनिवारी मुकाट्याने एस.टी.त बसले. चर्चमध्ये ईस्टरची मिस्सा झाली, घरी येऊन दोघी जेवायला बसलो. आई वाढत होती. शेवटी सांगून टाकलं, गाठींचं, कोंबडीचं, रडण्याचंसुद्धा.

"रविवारी गाठ मारूची नसता गो," आई म्हणाली. "रविवार उपासात धरनत नाय. पपाक इचारूचा मा!"

बोलून गेली आणि तिचा वाढता हात तसाच थांबला.

"चुकलंय गो आये," मी म्हटलं.