हाक आली ती मला

तुमच्या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि बहुतेक वेळा हसून पान उलटते. उगाच कशाला खोटं बोलू? आमच्या नाशिकच्या घरी देव होते, पण ते माळ्यावर, पितळेच्या डब्यात. वडील शाळामास्तर. "देवाला आपल्याशिवाय दुसरी कामं आहेत," म्हणायचे. तेव्हा असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा मला सरावच नव्हता. आजही आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही. पण जे झालं ते झालं… आणि माझ्या कानांनी ऐकलं.

साल एकोणीसशे चोपन्न-पंचावन्नच्या आसपासचं. नुकतंच लग्न होऊन मी मुलुंडला आले होते. स्टेशनपासून बरंच आत, डोंगराच्या अंगाला एक बैठी चाळ होती. मागे म्हशींचा तबेला, पुढे सामाईक ओटा. आमच्या दोन खोल्या शेवटच्या. आमच्या आणि शेजारच्या जशोदाबेनच्या खोलीत फक्त लाकडी फळ्यांची भिंत. तिच्याकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला.

हे एका विमा कंपनीत कारकून. मूळचे मालवणकडचे. हे तान्हे असतानाच आई गेली. फोटो नाही, काही नाही. चुलत्यांनी वाढवलं. गावाहून मुंबईला आले तेव्हा बरोबर एकच वस्तू आणली – कुलदेवीचा चांदीचा टाक. टाक म्हणजे छोटासा पत्रा, त्यावर देवीचा ठसा. झिजून झिजून नाकडोळेसुद्धा नीट दिसत नव्हते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फळीवर तो ठेवलेला असे.

आता माझं दुखणं सांगते. हे माझ्याशी दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलायचे. "चहा झाला का?" "पाणी आलं का?" संपलं. पण सकाळी आंघोळ करून त्या टाकासमोर बसले की अर्धा-पाऊण तास तोंड बंद नाही! मंत्र नाही, स्तोत्र नाही. सरळ गप्पा. तिला "आये" म्हणायचे आणि मालवणीत सगळं सांगायचे. साहेब काय म्हणाला, दाढ कशी ठणकतेय, डब्यातली उसळ कशी आंबली. मध्येच हसायचे. मी शेगडीपाशी पोळ्या लाटत असे आणि माझा नवरा माझ्याकडे पाठ करून दुसरीशी हसत असे.

यांची बढती हुकली, हे मला त्या कोपऱ्यातून कळलं. एकदा तर ऐकलं – "तिका हंय करमणा नाय गो आये. माझ्याकडे कायच सांगणा नाय."

म्हणजे मला करमत नाही, हे यांना कळत होतं! मग मला का नाही विचारलं? तिला कशाला सांगायचं?

ऑफिसातून येताना कधी अबोलीची वेणी आणायचे. पहिल्यांदा आणली तेव्हा मी लाजून पाठ फिरवून उभी राहिले – माळतील म्हणून. हे माझ्या शेजारून पुढे गेले आणि वेणी टाकाला घातली. दुसऱ्या दिवशी सुकलेली माझ्या हातात. "घाल, प्रसाद आहे." तुम्हाला हसू येईल. मला तेव्हा ती वेणी तबेल्यात भिरकावावीशी वाटली होती. सवत परवडली असती. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

असो. तर लग्नाला दीडेक वर्ष झालं असेल, एके दिवशी दुपारी मी शेगडीवर दूध ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत बसले. डोळा लागला असावा. तेवढ्यात आतून स्पष्ट आवाज आला –

"गो सुने, दूद उतू जाता मगो!"

मी धावत आत गेले. दूध अगदी काठाला आलेलं. पदराने पातेलं उतरवलं, हुश्श केलं आणि मग अंगावर सर्रकन काटा आला. कारण घरात कोणी नव्हतं. मागचं दार आतून बंद.

मनाची समजूत घातली. दूध वर येताना सूं सूं करतं, ते अर्धवट झोपेत कानावर पडलं असेल, बाकीचं मनाने रचलं. लॉजिकल आहे ना? मलाही पटलं. यांना काही बोलले नाही.

पुढे काही आठवड्यांनी मी ओट्यावर पापड वाळत घातले होते. आत केर काढत होते. पुन्हा तोच आवाज, माझ्या पाठीमागून, टाकाच्या फळीच्या बाजूने. "गो सुने, पापडार कावळो बसलो!" बाहेर जाऊन पाहते तर खरंच कावळा. या वेळी मी टक्क जागी होते, हातात केरसुणी होती.

तीही गोष्ट मी गिळली असती. पण संध्याकाळी नळावर जशोदाबेन मला विचारते, "तुमची सासू आली ना गावसे? दुपारी कावळो कावळो काय बोलत होती?"

माझ्या हातातली कळशी कलंडली. "तुम्ही ऐकलंत?"

"ऐकणार नाय तर काय! मोठ्याने बोलते. बरी आहे पण, बोलायला प्रेमाळ लागते."

तिला काय सांगणार? माझी सासू यांना दूध पाजता पाजताच गेली म्हणून?

त्याच सुमाराला नाशिकहून तार आली. वडील गेले होते. मी दिवसकार्य उरकून परत आले. हे मला स्टेशनवर घ्यायला आले, ट्रंक उचलली, वाटेत एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र टाकासमोर बसून मास्तरांबद्दल किती बोलले! किती सरळ माणूस होता, मुलगी कशी एकटी पडली. आवाज भरून आला होता यांचा. मी भिंतीआडून ऐकत होते. माझ्या वडिलांसाठीचं रडणंसुद्धा माझ्या वाट्याला आलं नाही.

हे ऑफिसला गेल्यावर मी घरातली सगळी भांडी काढली. स्वच्छ होती तीही. राख आणि चिंच घेऊन घासत सुटले. दुपार झाली, जेवले नाही, बोटं सोलवटली. आणि अगदी कानाशी –

"वायंच बस गो सुने. किती राबतस!"

मी बसले. ओल्या न्हाणीत, तशीच. आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले. मला भीती वाटली नाही असं नाही. पण "बस" असं मला त्या घरात कोणीच म्हणालं नव्हतं हो!

त्या संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. का सांगितलं, ते तुमच्यापासून कशाला लपवू? मला जिंकायचं होतं. रोज बोलता ना तिच्याशी, बघा, ती कोणाशी बोलते!

यांच्या हातातली बशी खाली आली. कधी नव्हे ते माझ्याशी मालवणीत बोलले. "आवाज कसो होतो?"

"बाईचा."

"म्हातारो? तरणो?"

"म्हातारा नव्हता. जरा घोगरा. धाप लागल्यासारखा."

हे उठून टाकापाशी गेले. मग म्हणाले, "माझी आई तरणीच गेली. दम्यानं. पण ती की ही, कसं ओळखायचं? मी दोघींचाही आवाज ऐकलेला नाही."

मला वाटलं होतं, हे हात जोडतील, मला भाग्यवान म्हणतील. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी यांनी रजा टाकली. दिवसभर फळीखाली बसून. मला बाहेर पाठवायचे, आत बोलवायचे, "दूध ठेव" म्हणायचे, "भांडी घास" म्हणायचे. काहीच झालं नाही. मग हे जशोदाबेनला जाऊन विचारून आले. ती जे खरं ते बोलली. तर घरी येऊन माझ्यावरच उखडले.

"तूच तिला पढवलंस!"

"मला मालवणी तरी येते का?"

"दोन वर्षं कानावर पडतेय! थट्टा करतेस माझी." आणि मग एकदम आवाज फुटला यांचा. "कळायला लागल्यापासून बोलतोय मी. रोज. एक हुंकार नाही. आणि तू? तू कधी फूल तरी वाहिलंस? तुला हाक मारते… आणि काय सांगते, तर दूध!"

ते डोळे मी ओळखले. वेणी पुढे गेली तेव्हा माझे तसेच झाले असणार. इतके दिवस मी तिच्यावर जळत होते, आता हे माझ्यावर जळत होते. आणि मजा अशी की मला जिंकल्यासारखं अजिबात वाटेना.

यांनी पूजा सोडली. आंघोळ करून सरळ चहा, डबा, ऑफिस. टाकावर धूळ बसली. घर इतकं गप्प झालं की तबेल्यातल्या म्हशींचं रवंथ ऐकू यावं. ज्या बोलण्याचा मला एवढा राग होता, ते थांबलं तर मला पोळी लाटवेना. मीच कधीतरी टाक पुसायची. आवाजही पुन्हा आला नाही.

असं बरंच चाललं. मग एका रविवारी सकाळी मी नळावरून आले तर आतून यांचा आवाज! दारातच थांबले.

"आये, तू माका फसयलस. येवढी वर्सां बोलतंय तुझ्याकडे, आणि तू तिच्याकडे बोल्लस? ती तुका मानता तरी काय?"

देवीची चहाडी देवीकडेच चालली होती! तावातावाने हातवारे करत भांडत होते आणि डोळ्यांतून पाणी. माझी चाहूल लागली तसे वळले. वाटलं, आता ओरडणार. तर ओशाळून म्हणाले, "दुसऱ्या कोणाला सांगू गं हे?"

मी हंडा उतरवला आणि म्हटलं, "मला सांगा."

हे पाटावर जरा सरकले. मी शेजारी बसले. त्या दिवशी पहिल्यांदा यांनी मला त्यांचं सगळं सांगितलं. चुलत्यांचं घर, एकट्याने झोपणं, गुरांमागे जाताना या टाकाशी बोलायची लागलेली सवय. मी नाशिकचं सांगितलं. दुपारचे दोन वाजले, स्वयंपाक राहिला.

पुढे मुलं झाली, आम्ही बोरिवलीला आलो. टाक बरोबर आला. आवाज आला नाही. हे मात्र रोज बोलत राहिले, शेवटपर्यंत.

जायच्या आधीच्या वर्षी एकदा गॅलरीत चहा पिताना मी विचारलं, "अजून हेवा वाटतो माझा?"

"वाटतो तर!" हसले. मग म्हणाले, "एक सांग. तिने तुला हाक मारली. तू ओ दिलीस?"

मी आठवून पाहिलं. दूध उतरवलं, कावळा हाकलला, रडले. पण बोलले? "नाही. सुचलंच नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

यांनी कप कठड्यावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "अरेरे… म्हणजे तीही माझ्यासारखीच उत्तराची वाट बघत बसली की."

हे गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. काय होतं ते, देवी, सासूबाई, की माझ्याच एकटेपणाने काढलेला आवाज? मग जशोदाबेनने काय ऐकलं? वाचकांपैकी कोणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा.

दुपारी घरी कोणी नसतं. कधी कधी टाकाच्या फळीसमोर उभी राहते, "ओ" अगदी ओठांवर येते. पण कोणाला द्यायची तेच कळत नाही, आणि मी परत फिरते. यांचं कधी अडलं नाही तसं. समोर कोण आहे याची खात्री न करता जन्मभर बोलत राहिले… आवाज मला ऐकू आला खरा, पण हेवा अजूनही मलाच वाटतो.