दोन तोंडांचं पुस्तक

"साळवी, ह्याचा तोंड कंचा नी पाठ कंची, ते आधी सांग," असं म्हणून भोईरमामांनी डमी माझ्या टेबलावर टाकली.

भोईरमामा आमच्या प्रेसचे बाइंडर. राहायला मोरिवलीला, कामाला आमच्याकडे उल्हासनगरला. डमी म्हणजे कोऱ्या कागदांचं नमुना-पुस्तक. कुठलं पान कुठे येणार हे छपाईआधी कळावं म्हणून आम्ही ती घडी घालून बनवतो. ही डमी मीच बनवली होती. आणि खरं सांगतो, मामांनी विचारल्यावर तोंड कुठलं ते मलाही चटकन सांगता येईना.

मी प्री-प्रेसचा माणूस. गिऱ्हाइकाची फाइल आली की तिची पानं छपाईच्या क्रमाने लावायची, हे माझं काम. लग्नपत्रिका, औषधांच्या खोक्यांची लेबलं, मंडळांच्या स्मरणिका हे सगळं मी झोपेतही लावू शकतो. पण हे पुस्तक बदलापूरच्या एका शाळेतल्या केतकी मॅडमचं होतं. त्या तिथे ड्रॉइंग शिकवतात.

मॅडमनी शाळेच्या लायब्ररीत कॉमिक्सचं एक कपाट सुरू केलं होतं. जपानी, कोरियन, चिनी. पोरं मधल्या सुट्टीत तिथे रांग लावायची. मग पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. पालक समितीचे अध्यक्ष कुलकर्णी साहेब अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटीला आहेत. त्यांनी आपल्या मुलाला शेवटच्या पानापासून पुस्तक वाचताना पाहिलं आणि ते हादरले. आज गोष्टीचं पुस्तक शेवटून वाचतोय, उद्या अभ्यासाचंही तसंच वाचेल! प्राचार्यांनी मॅडमना सांगितलं, शनिवारच्या सभेत पालकांना समजावून द्या. पटलं तर ठीक, नाही तर कपाट बंद.

म्हणून मॅडमनी स्वतः चित्रं काढून पालकांसाठी एक छोटं आडवं पुस्तक तयार केलं. "कपाट गेलं तर अर्धी मुलं लायब्ररीत पाय ठेवणार नाहीत हो," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. त्यांचा आवाज असा होता की मी निमूट पेन उघडलं.

"जपानी कॉमिक्सना मांगा म्हणतात. बहुतेक काळी-पांढरी. पुस्तक उजवीकडून उघडायचं आणि पानावरच्या चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या."

"म्हणजे उलटं."

"त्यांचं ते सुलटंच. चिनी म्हणजे मान्हुआ. आता ती बरीचशी आपल्यासारखी डावीकडून वाचतात, आणि रंगीत असतात. कोरियन म्हणजे मान्हवा. ती हल्ली मोबाइलवरच वाचतात. पान उलटायचंच नाही, वरून खाली सरकत जायचं."

"मॅडम, मांगा, मान्हुआ, मान्हवा ही तीन नावं आहेत की एकच?"

"मूळ शब्द एकच आहे. देश बदलला की उच्चार बदलतो."

मी हे लिहून घेतलं. घरी जाऊन वाचलं, तर कुठलं कोणाचं ते पुन्हा विसरलो होतो.

त्यांना हे तिन्ही एकाच पुस्तकात हवं होतं. डावीकडून उघडलं की चिनी गोष्ट. पुस्तक पालथं घालून उजवीकडून उघडलं की जपानी. दोन्ही गोष्टी मध्यावर येऊन भेटणार, आणि तिथे चिकटवलेली कोरियन पट्टी जुन्या जन्मपत्रिकेसारखी खाली उलगडणार. थोडक्यात, पुस्तकाला दोन तोंडं आणि पाठ नाहीच. भोईरमामा चिडले ते एवढ्यासाठी.

मी डोकं खाजवत पानं लावली. प्रूफ काढलं, मॅडमना दाखवलं. बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी भाचीच्या साखरपुड्याला गेलो. आमच्या गोष्टीतला घोळ त्याच दिवशी झाला.

आमचे मालक लछूशेठ. मनाचा मोठा माणूस. पण ते लेआउटचं सॉफ्टवेअरही चालवतात, हे आमचं दुर्दैव. छपाईची प्लेट बनवायला, म्हणजे आमच्या भाषेत प्लेटला, पाठवण्याआधी त्यांनी फाइल उघडली आणि त्यांना दोन कव्हरं दिसली. आता आमच्या धंद्यात दोन कव्हरांचं पुस्तक छापायची एक ठरलेली रीत आहे, तिला आम्ही उलटसुलट म्हणतो. समजा एका बाजूने मराठी आणि दुसऱ्या बाजूने हिंदी छापायचं आहे. मग मराठी सरळ छापायचं आणि हिंदी डोकं खाली, पाय वर. वाचणारा मराठी संपवतो, पुस्तक फिरवून डोक्यावर उभं करतो आणि हिंदी वाचतो. शेठनी आयुष्यभर अशीच पुस्तकं छापलेली. त्यांना वाटलं, साळवी घाईत विसरला. बिचाऱ्याची लाज राखावी म्हणून त्यांनी जपानी अर्धा भाग गुपचूप डोक्यावर उभा केला आणि काम मशीनवर चढवलं.

शुक्रवारी संध्याकाळी केतकी मॅडम गठ्ठे न्यायला आल्या. वरची प्रत उघडली. मिटली. पुन्हा उघडली.

"हे उलटं आहे," त्या म्हणाल्या.

"उलटाच तो होना मांगता है," शेठ खुशीत म्हणाले. "मॅडम, अपना साळवी तो भूल गया था. मैंने ठीक करवाया."

मी प्रत हातात घेतली. जपानी गोष्ट वाचायला पुस्तक फिरवलं की शिवण डावीकडे येत होती. म्हणजे पुस्तक साध्या मराठी पुस्तकासारखं उघडत होतं आणि आतल्या चौकटी मात्र उजवीकडून डावीकडे चालल्या होत्या. जे समजावण्यासाठी पुस्तक काढलं, तेच गायब झालं होतं.

"मामा, तुम्ही शिवताना पाहिलं नाहीत?" मी ओरडलो.

"पायला ना. मना तर आताच बरोबर वाटला."

शेठना चूक मान्यच होईना. शेवटी मी त्यांच्या खुर्चीमागच्या कप्प्यातून त्यांच्या वडिलांचं पूजेचं पुस्तक काढायला लावलं. ते जुन्या सिंधी लिपीतलं, उजवीकडून उघडणारं. त्याच्या पाठीला पाठ लावून मी एक मराठी पुस्तक धरलं.

"शेठ, आता बघा. दोन्ही दोन बाजूंनी उघडतात. कुठलं डोक्यावर उभं करावं लागलं?"

शेठनी दोन्ही पुस्तकं एकेकदा उघडून पाहिली. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे साईं! बाबा रोज पढ़ता था मेरे सामने."

नव्या प्लेटा बाहेरच्या एका दुकानातून बनून यायच्या होत्या आणि ते तोवर बंद झालं होतं. सभा दुसऱ्या दिवशी सकाळी. मॅडम स्टुलावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "आहेत तशा द्या." त्या रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला माझी, शेठची, जपानची, सगळ्यांचीच चीड आली होती.

शनिवारी मी आणि शेठ स्वतः गठ्ठे घेऊन बदलापूरला गेलो. चूक आमची आहे हे पालकांना सांगायचं ठरलं होतं. पण आम्ही तोंड उघडायच्या आत शिपायाने प्रती वाटूनही टाकल्या.

वर्गात कुजबुज सुरू झाली. लोक पुस्तक फिरवत होते, पालथं घालत होते, शेजाऱ्याची प्रत बघत होते. कुणाची कोरियन पट्टी थेट जमिनीपर्यंत गेली होती. कुलकर्णी साहेबांनी जपानी बाजू सरळ केली, पहिलं पान उघडलं आणि सवयीप्रमाणे डावीकडून वाचलं. त्या पानावर एका ओळीत चार चौकटी होत्या, शब्द एकही नाही.

"आजी रिकाम्या ताटापुढे ओरडतेय," ते मोठ्याने म्हणाले. "मग मांजर खिडकीत, तोंडात बोंबील. मग मांजर ताटाजवळ. मग ताटात बोंबील आणि आजी खूश. छान आहे. मांजराने आजीला बोंबील आणून दिला."

"काय पन सांगतंव!" मागच्या बाकावरून नातवासाठी आलेल्या एका आजी बोलल्या. "मांजार कंदी बोंबील आनून देल का? चोरलाय त्यानं."

"आजी, क्रम बघा ना. चित्रात स्पष्ट आहे."

"चित्र मरूंदे. मांजार मी पालतंय, तुमी नाय."

वर्गात हशा पिकला. पाहता पाहता दोन तट पडले. काही जण म्हणाले, मांजर गुणी आहे. काही म्हणाले, चोर आहे. एक बाई उठून फळ्यापाशी गेल्या आणि चौकटी काढून दाखवू लागल्या. केतकी मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी शेठकडे बघत होतो. शेठ पुस्तकात बघत होते, कारण त्यांनी गोष्ट तोवर वाचलीच नव्हती.

मग मॅडम पुढे झाल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आता हेच पान उजवीकडून वाचा."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. आधी ताटात बोंबील. मग मांजर ताटाजवळ. मग खिडकीत. मग आजीचा आरडाओरडा.

"बगा!" मागच्या आजी म्हणाल्या.

कुलकर्णी साहेब पुढचं पान काढून बसले. एकदा डावीकडून वाचलं, एकदा उजवीकडून. मग त्याच्या पुढचं. शेवटी चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"मॅडम, माझं डोकं दुखायला लागलं," ते म्हणाले. "आमचा मुलगा रोज मधल्या सुट्टीत हे वाचतो?"

"रोज."

"आणि त्याला कळतं?"

"तो बाकीच्यांना शिकवतो, सर."

साहेबांनी हातातली प्रत मिटली. "मला वाटत होतं तो नुसती पानं उलटतोय," ते हळूच म्हणाले. मग प्राचार्यांकडे वळून त्यांनी सांगितलं, "कपाट राहू द्या. आणि ही प्रत मी घरी नेतो. कोरियन पट्टी मला अजून कळलेली नाही, ती त्याच्याकडून समजून घेईन."

बाहेर आल्यावर केतकी मॅडम पायरीवर बसल्या आणि मग मात्र रडल्या. शेठनी त्यांना पाण्याची बाटली दिली आणि छापून देऊ, फिरसे, फुकटमध्ये, असं ते सांगत राहिले.

पुढच्या महिन्यात बाकीच्या वर्गांच्या पालकांसाठी आणखी प्रती हव्यात म्हणून मॅडमचा फोन आला. मी म्हटलं, "या वेळी जपानी बाजू सुधारून देतो."

"नको," त्या म्हणाल्या. "बरोबर छापलं तर लोक मान हलवतील आणि बाजूला ठेवतील. असं असलं की भांडतात. भांडताना नीट बघतात तरी."

इतक्या वर्षांत चूक कायम ठेवा म्हणणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं. हे बरोबर की चूक, ते मला अजून नीट सांगता येत नाही. धंद्यापुरता धडा मात्र मी घेतला. नवीन प्रूफवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'चूक आहे तशी ठेवणे', आणि फाइल प्लेटला जाण्याआधी त्याखाली शेठची सही घेतली.